शोकभूमीवरील मौन

१९८४ साली पोलंडमधील ऑशविट्झ छळछावणीला लागून कार्मेलाइट धर्मभगिनींनी मठ स्थापिला. मृतांसाठी प्रार्थना करण्यास कोणाची हरकत असावी, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. आम्हांला तो प्रश्नच सदोष वाटतो. तेथे मारलेल्यांत बहुसंख्य यहुदी होते. मरणावर क्रूसाचा प्रकाश पाडणे हे आमचे अध्यात्म. त्या भूमीवर मौन पाळून मृतांचे स्मरण राखणे ही अनेक यहुद्यांची श्रद्धा. त्या मौनाचा आमच्याकडून भंग झाला. मठ हलविण्याचा करार १९८७ मध्ये होऊनही तो अमलात येण्यास १९९३ साल उजाडले, तेही पोप दुसरे जॉन पॉल यांच्या पत्रानंतर. शेजाऱ्याच्या शोकात कोठे थांबावे हे ज्याला उमगत नाही, त्याने आंतरधर्मीय संवादाच्या गोष्टी करू नयेत. थोड्या अंतरावरील नव्या मठातून केलेली प्रार्थना देवाला ऐकू येत नाही काय?