गर्दी सरकारी, जोखीम कामगारांची

बंगळूरच्या उत्तरेस असलेले येलहंका रेल्वेची चाके आणि आस घडविणाऱ्या कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. 27 एप्रिल 2021 च्या रात्रीपासून कर्नाटक सरकारने टाळेबंदी लादली, तेव्हा राज्यातील इतर गावांप्रमाणे येथेही किराणा-भाजीपाल्यासाठी सकाळी 6 ते 10 एवढेच तास मिळाले. माणसे तेवढीच, पोटे तेवढीच! दिवसभर पांगणारी गर्दी चार तासांत कोंडल्याने साथ आटोक्यात येते, हे कोणते शास्त्र? महाराष्ट्रातही 7 ते 11 ची तीच तऱ्हा. महिन्याचे सामान एकदम भरण्याची ऐपत असणारे घरी बसू शकले. हातावर पोट असणाऱ्याला रोज रांगेत उभे राहणे भाग होते.

आणि सुपरमार्केटच्या गल्ल्यावरचा कामगार? गिऱ्हाईक सामान घेऊन बाहेर पडते. तो मात्र बंद, वातानुकूलित दालनात संपूर्ण पाळीभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या श्वासासमोर बसतो. मार्च 2020 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचा विमा जाहीर झाला, तो रास्तच होता. परंतु ‘अत्यावश्यक’ म्हणून ज्याला कामावर बोलावले, त्या दुकान कामगाराला त्या योजनेत जागा नव्हती. पुढील साथीपूर्वी कायद्यानेच ठरले पाहिजे : दुकानांचे तास वाढवावेत, आतील माणसांची संख्या बांधून द्यावी, खेळती हवा ठेवावी, आजारी कामगाराला भरपगारी रजा आणि सर्वांना विमा द्यावा, आणि हा खर्च मालकांच्या नफ्यातून व्हावा, कामगाराच्या पगारातून नव्हे.