शरण आणि मोल

पंचवटीत राहणाऱ्यास परक्यांचा शोक रोज दिसतो. रामकुंडावर दूरदूरची माणसे अस्थी घेऊन येतात. उपाध्ये मृताचे नाव व गोत्र विचारतात, मंत्र म्हणतात, आणि दुःखास वाट मिळते. परंतु ज्या मुलीस आपली आई मृत की जिवंत हेच ठाऊक नाही, तिने कोणाच्या नावे पाणी सोडावे? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. अशा मुली या नाशकातच राहून गेल्या आहेत.

नदीपलीकडे शरणपूर आहे. १८५० नंतर लवकरच चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही ख्रिस्ती वसाहत नावारूपास आणिली. त्या काळी गुलामांनी भरलेली अरबी गलबते इंग्रजी आरमार समुद्रात पकडीत असे. सुटलेली आफ्रिकी मुलेमुली मुंबईस उतरत, व त्यांतील कित्येक शरणपूरच्या आश्रमात येत. येथील जेकब वेनराइट याने १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंगस्टन वारला तेव्हा प्रार्थना म्हटली, आणि १८७४ मध्ये तो त्याच्या शवपेटीसमवेत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. मुलांपैकी काहींची नावे अशी इतिहासात राहिली. मुली आल्या त्या बहुधा कोणाच्या तरी पत्नी म्हणून.

अमरकोशात 'शरण' शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत : घर आणि रक्षणकर्ता. या मुलींस रक्षणकर्ता भेटला, पण घर? १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसले, तेव्हा नाशकातील अनेकजण तिकडे गेले. तेथेही लोक त्यांस 'मुंबईचे आफ्रिकी' म्हणू लागले. ज्या गावातून बाळपणी ओढून नेले, ते गाव याने परत मिळाले असे नव्हे.

अशा दुःखितास ख्रिस्ती धर्म काय देऊ शकतो, हे अमेरिकेतील एका कृष्णवर्णी स्त्रीने स्वतः सांगून ठेविले आहे. इझाबेला ही जन्माने गुलाम. नऊ वर्षांची असता तिला मेंढ्यांच्या कळपासह शंभर डॉलरांस विकले. पुढे तिचा मुलगा पीटर बेकायदा दूर विकला गेला, तेव्हा तिने न्यायालयात दाद मागितली व १८२८ मध्ये त्यास परत मिळविले. तोच मुलगा मोठेपणी समुद्रावर गेला तो परतला नाही. त्यानंतर १८४३ मध्ये, ईश्वराची आज्ञा मानून, तिने धन्यांच्या घरचे नाव टाकिले व 'सोजर्नर ट्रुथ', म्हणजे सत्याची यात्रिक, असे नाव घेतले. तिला लिहितावाचता येत नव्हते. आपले चरित्र तिने दुसरीकडून लिहविले, आणि ते १८५० मध्ये प्रसिद्ध झाले.

तिला विकणारेही ख्रिस्तीच होते, हे विसरू नये. त्याच ग्रंथातून त्यांनी मालकीचा आधार काढिला. तिने मात्र मित्राच्या थडग्यापाशी रडणारा प्रभू आणि पुत्राच्या क्रुसाखाली उभी असलेली माता ओळखली. आपले मोल खरेदीदार ठरवीत नाही, हा तिचा निश्चय तेथून आला. शोक नाहीसा झाला नाही. पण त्या शोकाने आपण कवडीमोल ठरलो, असे तिने मानिले नाही.

आमच्या वाचकभगिनींस वाटेल की, हे सर्व परक्यांचे. आमच्या पंचवटीचा राम काळ्या पाषाणाचा आहे व त्यास आम्ही प्रेमाने 'काळाराम' म्हणतो. पण घरी मुलगी सावळी निपजली की आजी हळहळते, आत्याबाई पीठ व हळद सुचवितात, आणि वधूपरीक्षेत पाहुणे 'रंग जरा दबका आहे' असे तिच्या देखत बोलून जातात. हाही एक बाजारच होय. फक्त येथे बोली लावणारी आपली माणसे असतात. ज्या मुलीने हे शब्द दहा वर्षांची असल्यापासून ऐकिले, तिला पुढे वैधव्य, अपत्यवियोग किंवा नकार आला की, ती दुःखासोबत स्वतःलाही दोष देऊ लागते.

यास उपाय फार मोठा नको. मुलीच्या रंगाची चर्चा घरात बंद करावी. पाहुण्यांनी काढिली, तर वडीलधाऱ्यांनी तेथल्या तेथे थांबवावी, मग स्थळ हातचे गेले तरी चालेल. घराचे शरण घरच्या लेकीस तरी पूर्ण अर्थाने मिळावे, एवढीच आमची विनंती आहे.