वापरून पाहिली: गाडिया लोहारांची सुरी

कुठलीही वस्तू निदान महिनाभर वापरायची आणि मगच तिच्याबद्दल लिहायचं, हा आपल्या सदराचा शिरस्ता. या वेळची वस्तू थोडी वेगळी आहे. तिला खोका नाही, गॅरंटी कार्ड नाही. इंदूरमध्ये रस्त्याच्या कडेला ऐरण मांडून बसलेल्या गाडिया लोहारांकडून बनवून घेतलेली ही सुरी. डोंगरात, शेतावर किंवा तंबूत मुक्कामाला जाताना बरोबर न्यायची.

सुरी घडीची नको, सलग पात्याची हवी, हे आधीच ठरवलं होतं. घडीचा चाकू खिशात मावतो, पण सांध्याशी कमजोर असतो. लाकडावर जोर लावताना तो मिटून बोटांवर येण्याची भीती असते. सलग पात्याच्या सुरीत ती भानगड नाही.

गाडिया लोहार मूळचे राजस्थानचे. 1568 मध्ये चितोड पडल्यावर घर करून राहायचं नाही अशी शपथ घेऊन त्यांचे पूर्वज बैलगाडीतून निघाले, अशी त्यांची परंपरा सांगते. 1955 मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी समारंभाने चितोडगडात पुन्हा प्रवेश केला. तरीही कित्येक कुटुंबं आज गावोगावच्या रस्त्याकडेलाच दिसतात. तुमच्याही शहरात तुम्ही ती पाहिली असतील. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बायको दोन्ही हातांनी घण घालते.

मीही अशाच एका जोडप्याकडे गेलो. ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा त्यांच्याकडे होताच. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो. साध्या सळईत तो निम्माही नसतो, म्हणून सळईची सुरी कितीही घासली तरी धार धरत नाही. दीड तासात पातं घडलं. साडेचार इंच लांब, पाठीला सुमारे 4 मिलिमीटर जाड. पातं मुठीच्या शेवटापर्यंत सलग, दोन्ही बाजूंनी बाभळीचं लाकूड आणि तीन रिवेट.

राहिलं होतं ते पाणी देण्याचं काम. तेव्हा ताई म्हणाल्या, "भैया, शाम को आना. धूप में लोहे का रंग नहीं दिखता."

मला दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. मी म्हटलं, आत्ताच करून द्या. शिवाय 800 रुपये सांगितले होते, ते घासाघीस करून 600 वर आणले. लोहारदादा काही बोलले नाहीत. भर दुपारी त्यांनी पात्याला पाणी दिलं. घरी जाताना चपला शिवणाऱ्या काकांकडून 250 रुपयांत चामड्याचं म्यान शिवून घेतलं.

परीक्षा

खंडव्याच्या रस्त्यावर चोरलजवळ मित्राचं शेत आहे. तिथे दोन रात्री तंबू ठोकला. बरोबर बहीण आणि तिची 13 वर्षांची मुलगी.

स्वयंपाक: कांदे-बटाटे ठीक कापले गेले. टोमॅटोच्या पातळ चकत्या जमल्या नाहीत. 4 मिलिमीटरचं पातं भाजीत पाचरीसारखं शिरतं. नारळाची शेंडी मात्र झटक्यात निघाली.

दोरी: सुतळी एका ओढीत तुटली, नायलॉनची दोरी दोन ओढींत.

लाकूड: संध्याकाळी सर आली आणि जमवलेली काटकी ओली झाली. मनगटाएवढी फाटी उभी धरून तिच्यावर सुरी ठेवली आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकलं. फाटी सरळ चिरली. आतलं लाकूड कोरडंच होतं. त्याचे पातळ छिलके काढले आणि दुसऱ्या काडीला चूल पेटली. भिजलेल्या पोरीच्या हातात गरम चहा गेला, तेव्हा सुरीचे पैसे वसूल झाले असं वाटलं.

मूठ: इथे गुण कापले. मुठीच्या कडा चौकोनी, टोकदार होत्या. अर्ध्या तासात तळहाताला फोड आला. परत आल्यावर कानस आणि पॉलिश पेपरने त्या गोल केल्या आणि जवसाचं तेल लावलं.

आणि मग बिघडलं

दुसऱ्या दिवशी तंबूच्या खुंट्यांसाठी वाळका बांबू तासायला घेतला. पेरापाशी सुरी अडखळली. पाहिलं तर टोकाकडच्या इंचभर भागात धार एका बाजूला वळली होती. बाकीची धार शाबूत होती. "शेवटी रस्त्यावरचीच वस्तू," असं मी बोलूनही गेलो.

परत आल्यावर सुरी घेऊन तिथेच गेलो, थोड्या घुश्शातच. दादांनी काही न बोलता धारेवरून कानस फिरवली. मागच्या भागावर ती नुसती घसरली. टोकाशी मात्र तिने पोलाद खाल्लं, म्हणजे तेवढा भाग मऊ होता.

कारण त्यांनी समजावून सांगितलं. धार लाल तापवून फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवायची. ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. मग बाहेर काढून धार दगडावर घासून चकचकीत करायची. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे येते आणि चकचकीत भागावर फिकट गव्हाळी रंग चढतो. तो दिसला की लगेच सगळं पातं बुडवायचं. म्हणजे धार कडक राहते, तिचा ठिसूळपणा जातो आणि पाठ चिवट राहते. टोकाशी पातं पातळ, तिथे उष्णता लवकर पोचते. रंग गव्हाळीवरून निळ्यावर गेला की धार मऊ पडली. भर उन्हात तो क्षण हुकला होता.

म्हणजे ताईंनी मला आधीच सांगितलं होतं. घाई माझी होती.

या वेळी मी संध्याकाळपर्यंत थांबलो. मुठीला ओलं फडकं गुंडाळून दादांनी पातं पुन्हा तापवलं, पुन्हा पाणी दिलं. अंधारत आलेल्या उजेडात तो गव्हाळी रंग मलाही स्पष्ट दिसला. या कामाचे त्यांनी पैसे सांगितले नाहीत. मी आधी कापलेले 200 पुढे केले. ताईंनी ते मोजून कनवटीला लावले.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्याच वाळक्या बांबूच्या आठ खुंट्या तासल्या. धार कुठेच वळली नाही.

निकाल

जमेची बाजू: दणकट, स्वस्त, कुठल्याही धारेच्या दगडावर सहज पाजवता येते. बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस समोर बसलेला असतो.

उणी बाजू: बारीक चिराचिरीला जाड. मूठ स्वतः घासून घ्यावी लागते. आणि हे पोलाद गंजतं. लिंबू-टोमॅटो कापल्यावर पात्यावर काळपट डाग येतात, त्यांनी बिघडत नाही. लाल गंज मात्र येऊ देऊ नका. धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. घरी ठेवताना म्यानातून बाहेर काढून ठेवा, कारण चामडं ओल धरून ठेवतं.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी नसलेली, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्याच्या यादीत येतात. म्हणून पातं आखूडच घ्या. मेट्रोत आणि विमानात हातातल्या सामानात सुरी नेता येत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं गुन्हा आहे.

मुलांना शिकवायचंच असेल तर बसून, पातं अंगापासून दूर नेत, आणि हातभर अंतरात कुणी नसताना. सुरी हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं, असं आजी म्हणायची. भाचीने हे सगळं पाळून आठांपैकी तीन खुंट्या स्वतः तासल्या.

तर मंडळी, घ्यायची असेल तर जरूर घ्या. फक्त संध्याकाळी जा, आणि घाई घरी ठेवून जा. भेटू पुढच्या वेळी, नव्या वस्तूसह!