एका गोळीने भागत नाही

चकली-अनारशांच्या ताटाशेजारी बसून जंतांवर लिहायचे म्हणजे थोडे धारिष्टच. वाचक-भगिनींची त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण पौडच्या बाजूला दवाखाना चालवताना माझी इतकी वर्षे गेली, आणि पाऊस सरता सरता ‘डॉक्टर, पोर रात्री झोपत नाही’ असे म्हणत एखादी आई आली नाही, असा आश्विन मला आठवत नाही. शिवाय यंदा मला एका चुकीची कबुली द्यायची आहे. चूक माझी आहे, आणि कबुली द्यायला सणाचा दिवस वाईट नाही.

धरणाच्या पाण्याकाठी एक एकत्र कुटुंब आहे. नाव सांगत नाही. कौलारू घर, खालच्या अंगाला आंबेमोहोराची खाचरे, थोरला भाऊ शेतीवर आणि धाकटा हिंजवडीला एका कंपनीत नोकरीला. घरात दोन जावा, तीन मुले आणि सासूबाई. थोरलीची मुलगी सात वर्षांची. श्रावणात थोरली तिला घेऊन आली. रात्री पोरगी तळमळते, बसायच्या जागी खाजवते, चिडचिड करते आणि शाळेत पेंगते. मी जंतांची एक गोळी दिली. धाकटी जाऊ शेजारच्या बाकावर बसलेली असताना वर एक वाक्यही दिले, “बाई, घरात जरा स्वच्छता ठेवीत जा.”

थोरली काही बोलली नाही. पदर सावरून खाली मान घालून निघून गेली.

आठ दिवस बरे गेले. नंतर महिना-सव्वा महिन्याने मायलेकी पुन्हा हजर. पुन्हा एक गोळी दिली, आणि आणखी महिन्याने पुन्हा तीच तक्रार. या वेळी सासूबाई सोबत होत्या. म्हातारी स्पष्टच म्हणाली, “डाक्टर, गोळी खोटी हाय का आमचं नशीब खोटं?”

गोळी खोटी नव्हती. खोटा होता माझा हिशेब.

हे जंत म्हणजे पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखे बारीक कृमी. मादी फार तर सेंटिमीटरभर लांब, आणि नर त्याहून पुष्कळच लहान. मूल झोपले की मादी आतड्यातून खाली उतरते आणि गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर सुमारे दहा हजार अंडी घालते. कंड सुटते ती त्यानेच. मूल झोपेत खाजवते, अंडी नखांत शिरतात आणि सकाळी नखे तोंडात जातात. अंडे पोटात जाऊन बाधायला तयार होण्यास चार ते सहा तास पुरतात. म्हणजे रात्री घातलेले अंडे सकाळच्या न्याहारीला तयार! शिवाय कपड्यांवर, गोधडीवर, दाराच्या कडीवर ही अंडी दोन-तीन आठवडे जीव धरून राहतात. गारवा आणि ओल त्यांना मानवते. ताम्हिणीकडून येणारा पाऊस चार महिने झोडपत असतो आणि आमच्या मुळशीत गोधडीला ऊन कसले ते दिसत नाही. अंड्यांना यापरते सुख ते कोणते?

आता गोळीचे पाहा. गोळी पोटातल्या जंतांना मारते, पण अंड्यांना मारीत नाही. नखांतली, अंथरुणातली अंडी गोळीनंतर पोटात गेली की नवा संसार सुरू. मात्र अंड्यातून निघालेल्या जंताला स्वतः अंडी घालू लागायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून दुसरी गोळी दोन आठवड्यांनी घ्यायची. मधल्या काळात वाढीला लागलेली नवी पिढी अंडी घालण्याआधीच त्यात गारद होते. मी दर खेपेला एक गोळी देत होतो आणि जंत माझ्याकडे महिन्याच्या वायद्याने परत येत होते. पुस्तकात हे सारे छापलेले आहे. गर्दीच्या दवाखान्यात मी ते सोयीस्कर विसरलो होतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माझे ते ‘स्वच्छता ठेवा’चे वाक्य धाकटीने घरी नेले होते. थोरलीची पोरे घाणेरडी, म्हणून तिने आपल्या मुलाचे ताट वेगळे केले. मग अंथरूण वेगळे झाले, आणि चूल वेगळी करायची भाषाही निघाली. म्हातारीने हे सांगितले तेव्हा माझी मान खाली गेली. मी म्हटले, “उद्या सगळ्या पोरांची तपासणी करू. धाकटीच्या मुलाचीसुद्धा.”

ही तपासणी अगदी सोपी आहे. साध्या शौच-तपासणीत ही अंडी बहुधा सापडतच नाहीत, कारण ती मळात नसून कातडीवर असतात. 1941 साली ग्रॅहॅम नावाच्या संशोधकाने यावर चिकटपट्टीची युक्ती काढली. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जाण्यापूर्वी आणि अंग धुण्यापूर्वी पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू त्या जागी दाबायची आणि काचेवर डकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. एका दिवशी अंडी दिसली नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये. लागोपाठ तीन सकाळी पाहावे.

तीन दिवस म्हातारी काचा घेऊन एस्टीने येत होती. पहिल्या दिवशी नातीच्या काचेवर अंडी दिसली. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या मुलाच्या काचेवरही दिसली, आणि नातीपेक्षा जास्त! त्याला ना कंड ना तळमळ, पठ्ठ्या गाढ झोपत होता. पुष्कळांना या जंतांचा काहीच त्रास होत नाही; आपल्या नकळत ते घरभर वाटप करीत असतात. कोणी कोणाला दिले हे तपासण्यात अर्थ नव्हता. तिन्ही पोरे वर्षानुवर्षे आजीच्या एकाच वाकळेत गोष्टी ऐकत झोपत होती.

मी स्वतः त्या घरी गेलो. दोघी जावांसमोर थोरलीला म्हटले, “मी त्या दिवशी बोललो ते चूक होते. हे जंत गरीब-श्रीमंत पाहत नाहीत. पुण्यातल्या मोठ्या बंगल्यांतल्या पोरांनाही होतात.” थोरली म्हणाली, “आसू द्या.” धाकटीने चहा टाकला.

मग पंधरवड्याचा बेत ठरला. तो इथे देतो, कारण पुष्कळ घरांना तो उपयोगी पडेल.

गोळी साऱ्या घराने एकाच दिवशी घ्यायची, त्रास असो वा नसो. नेहमीची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी. मुलांनी ती नीट चावून खावी, लहानग्यांना कुटून द्यावी. दोन आठवड्यांनी सर्वांनी पुन्हा तेवढीच. गर्भवती स्त्री, वर्षाच्या आतले मूल आणि यकृताचा आजार असलेला माणूस यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये.

रोज सकाळी उठल्याबरोबर मुलांची ती जागा वाहत्या पाण्याने धुवून आंघोळ घालायची, म्हणजे रात्रीची अंडी न्हाणीतच जातील. आंघोळ संध्याकाळवर ढकलू नये. आतले कपडे रोज बदलावेत. रात्री मुलाला अंगाबरोबर बसणारी चड्डी घालावी. नखे बारीक कापावीत. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत; नखांच्या आतूनही.

गोधड्या-चादरी झटकू मात्र नका! आपल्याकडे अंथरूण काढले की दाराशी नेऊन फटाफट झटकायची रीत आहे. त्याने अंडी घरभर उडतात. हलकेच गुंडाळून उचला, कडकडीत गरम पाण्यात भिजवून धुवा आणि उन्हात वाळवा. सूर्यप्रकाश या अंड्यांना सोसत नाही. जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. कुत्र्या-मांजरांना घराबाहेर काढण्याचे कारण नाही. हा जंत माणसाचाच आहे, त्यांचा नव्हे.

म्हातारीने दोन प्रश्न विचारले. पहिला : गोड खाल्ले की जंत होतात ना? नाही. जंत अंड्यांमुळे होतात, लाडवांमुळे नाही. बिचाऱ्या नातीचा गूळ दोन महिने बंद केला होता, तो त्याच दिवशी सुरू झाला. दुसरा : वावडिंग चालणार नाही का? चरकाने कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि मळातल्या कृमींनी गुदाशी कंड सुटते हेही नोंदले आहे. तेव्हा आपल्या जुन्या वैद्यांबद्दल मला आदरच आहे. पण या कामी गोळी खात्रीची आणि मोजून देता येणारी. वावडिंगाच्या भरवशावर तिला फाटा देऊ नये.

थोरलीने विचारले, “शाळेत तर गोळी देतात की!” देतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 साली सुरू झाला आणि फार चांगले काम आहे ते. पण त्याचा रोख आहे मातीतून येणाऱ्या जंतांवर, जे रक्त शोषतात, पोर खंगवतात. शाळेची गोळी जरूर घ्यावी. मात्र आपल्या सुतासारख्या पाहुण्यांना दुसरी गोळी आणि सारे घर लागते.

त्या घरी दोन्ही गोळ्या झाल्या. दिवाळीच्या आधी पुन्हा तीन सकाळी काचा आल्या, सगळ्या कोऱ्या. चूल एकच राहिली, ती माझ्या गोळ्यांमुळे असे मी म्हणणार नाही. भातकापणीला दोघी जावा एकाच खाचरात वाकलेल्या दिसल्या, एवढे खरे. पुढे पुन्हा जंत झालेच तर तोच बेत पुन्हा करायचा, लाजायचे नाही आणि कोणाला लाजवायचेही नाही, असे त्यांना बजावून ठेवले आहे. त्यातले दुसरे वाक्य मी स्वतःलाही बजावले आहे.

वाचकहो, नरक चतुर्दशीला पहाटे मुलांना उठवून, तेल-उटणे लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालालच. घरात कोणी रात्री तळमळत असेल तर पहाटेची ती आंघोळ भाऊबीजेनंतरही चालू ठेवा. उटणे नसले तरी चालेल. आणि दुसऱ्या गोळीची तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवा.