वेगमर्यादा यंत्रालाही लागू करा

मा. संपादक यांस,


मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील कॅमेऱ्यांविषयी आपल्या गेल्या अंकात जे पत्र प्रसिद्ध झाले आहे, त्यात रस्ता सहापदरी व काँक्रीटचा आणि मोटार नवी व दमदार असताना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा किंचित ओलांडताच चलन येऊन थडकते, सबब मर्यादाच वाढवावी, असे गाऱ्हाणे मांडले आहे. त्यातील संताप समजण्याजोगा असला, तरी निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या देशात कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरहून अधिक वेगाने मोटार हाकण्यास परवानगी नाही, त्या देशात ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठणारी मोटार विकण्याची मुभा कारखानदारास आहे, तिला नोंदणीचा दाखला सरकारच देते, आणि तिच्या अंगची शक्ती वापरली म्हणून चालकाला कसूरवार ठरविणारेही तेच सरकार असते. ही विसंगती दूर करण्यासाठी खासगी मोटारींवरही कारखान्यातच वेगनियंत्रक बसविणे सक्तीचे करावे, असे माझे ठाम मत आहे.

अधिक वेगाने वेळ वाचतो, हा समज हिशेबाला बसविल्यास फारसा टिकत नाही. कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरचा मार्ग, घाट आणि रहदारी नाहीच असे घटकाभर गृहीत धरून, ताशी १०० च्या वेगाने कापण्यास सुमारे ५७ मिनिटे लागतात आणि १२० च्या वेगाने ४७. म्हणजे पदरात पडतात ती जेमतेम दहा मिनिटे. उलट आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एवढ्याशा वाढीने ती ४४ टक्क्यांनी वाढते. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे मानले, तर शंभराच्या वेगातील मोटार तेवढ्यात २८ मीटर पुढे सरकलेली असते, आणि कोरड्या रस्त्यावर ती पूर्ण थांबेतो एकंदर ऐंशीहून अधिक मीटर अंतर जाते. १२० च्या वेगात हेच अंतर ११० मीटरच्या घरात पोहोचते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले, हे केंद्र सरकारच्याच अहवालात छापलेले आहे.

यंत्र मोकळे ठेवून केवळ माणसाला दंडाचा धाक घातल्याने काय साधते, ते मी गेल्या पावसाळ्यात एका आप्ताच्या मोटारीतून पुण्याकडे येताना पाहिले. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ताशी ८० ओलांडल्यावर थांबून थांबून, आणि १२० ओलांडल्यावर अखंड वाजणारी इशाऱ्याची घंटा बंधनकारक झालेली आहे. ती अखंड वाजू लागताच आमच्या आप्तांनी गाण्याचा आवाज वाढविला. पुढे कॅमेऱ्यांची कमान दिसू लागताच त्यांनी पाय उचलला, काटा नव्वदीवर उतरला, आणि कमान मागे पडताच तो एकशेतीसच्या पलीकडे गेला. इतक्यात मधल्या मार्गिकेतील एक कंटेनर दुसऱ्याला मागे टाकण्यासाठी आमच्या मार्गिकेत सरकू लागला. पायाखालचा ब्रेक थरथरला, ओल्या काँक्रीटवर मोटार कशीबशी आवरली, आणि मागच्या बाकावर पट्टा न लावता बसलेल्या त्यांच्या मुलीचे कपाळ पुढच्या आसनावर आदळले. हे गृहस्थ बेदरकार नव्हेत. सुशिक्षित, कुटुंबवत्सल आणि एरवी कायद्याला मानणारे आहेत, आणि म्हणूनच दंडाचा धाक कमानीपुरताच उरतो, हा निष्कर्ष मला अधिक गंभीर वाटतो.

माझी सूचना अपूर्व नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११८ व्या नियमान्वये २०१५ पासून नव्या मालमोटारी व बसगाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा, आणि टँकर, डंपर व शाळेच्या बसगाड्यांना ६० चा वेगनियंत्रक बंधनकारक आहे. २५० वॅटच्या विजेच्या दुचाकीला परवान्याची सवलत मिळते, तीही तिचा कमाल वेग २५ किलोमीटरपुरता बांधलेला असल्यामुळेच. पोटासाठी गाडी हाकणाऱ्याच्या यंत्राला जे बंधन न्याय्य ठरते, ते हौसेने गाडी हाकणाऱ्याच्या यंत्राला अन्याय्य कसे ठरते, याचे समाधानकारक उत्तर मला कोठेही आढळलेले नाही.

ओव्हरटेक करताना वेग हाताशी असावा लागतो, असा आक्षेप घेतला जाईल; पण पुढची मालमोटार ८० ला बांधलेली असताना तिच्याहून ताशी ४० किलोमीटर अधिक वेग पुरत नसेल, तर त्या ठिकाणी ओव्हरटेक करणेच गैर होय. रुग्णवाहिका, अग्निशामक दल व पोलीस यांच्या वाहनांना आजच्या नियमातही सूट आहे, आणि ती राहावी. सुमारे ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची आखणी ताशी १५० किलोमीटर वेग धरून झाली आहे, असे सांगितले जाते. परंतु आखणी वळणांचा आणि दृष्टिपथाचा विचार करते, तापलेल्या काँक्रीटवर फुटणाऱ्या जुन्या टायरचा किंवा पहाटे पेंगणाऱ्या चालकाचा नव्हे, आणि म्हणूनच तेथेही मर्यादा १२० ची आहे. जपानच्या कारखानदारांनी आपल्या मोटारी १८० वर स्वेच्छेने बांधल्या, व्होल्वोने २०२० पासून तोच निर्णय घेतला, आणि युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्यावरील मर्यादा ओळखून चालकास सावध करणारी यंत्रणा सक्तीची केली. आजच्या मोटारीचे इंजिन संगणकाच्या हुकमतीखाली चालत असल्याने कमाल वेग बांधण्यास खर्चही नगण्य येतो.

१२० चा नियंत्रक बोरघाटात किंवा शहराच्या गल्लीत उपयोगी पडणार नाही, हे उघड आहे. तेथे फलक, कॅमेरे आणि पोलीस यांनाच काम करावे लागेल. फलकांच्या बाबतीत मात्र चालकांच्या तक्रारीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमानुसार राज्य सरकारने विशिष्ट रस्त्यासाठी वेगळी मर्यादा ठरविली, तर ती राजपत्रात जाहीर करणे व तिचे फलक लावणे हे सरकारचे कर्तव्य आहे. झाडाआड दडलेल्या वा पुसट झालेल्या फलकाच्या आधारे दंड आकारला, तर कायद्याची आब राहत नाही. दोन ठिकाणांमधील सरासरी वेगावरून दंड ठरविला, तर कमानीपुरते सज्जन होण्याचा मार्गही बंद होईल.

तेव्हा माझी विनंती अशी, की ११८ व्या नियमातील खासगी मोटारींची सूट काढून घेऊन, ठराविक मुदतीनंतर विक्रीस येणारी प्रत्येक मोटार ताशी १२० किलोमीटरवर बांधण्याची तरतूद केंद्र सरकारने करावी, आणि राज्याच्या परिवहन खात्याने तशी शिफारस विनाविलंब पाठवावी. आपल्या वाचकांनीही मर्यादा वाढवून मागणारे अर्ज करण्याऐवजी या मागणीसाठी आपापल्या खासदारांकडे लेखी आग्रह धरावा. चालकाला दंड करणाऱ्या कायद्याने कारखानदारालाही जाब विचारावा, ही मागणी सर्वस्वी न्यायाची आहे.



आपला,
एक वाचक
तळेगाव दाभाडे