विकणाऱ्याचे मौन



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा घरवाटणीची, सोयरिकीची, नाहीतर मुलांच्या शिक्षणाची असतात. या खेपेचे पत्र भोपाळहून आले आहे आणि त्यातील प्रश्न एका जुन्या अमेरिकन मोटारीचा आहे. आपणांपैकी फारच थोड्यांनी तसली मोटार जवळून पाहिली असेल. परंतु बैल, होडीचे इंजिन, टेम्पो किंवा वापरलेली दुचाकी विकण्याचा प्रसंग कोणत्या घरात येत नाही? म्हणून पत्रलेखकाचे नाव न देता उत्तर मात्र सर्वांसमक्ष देत आहे.

पत्रलेखकाचे वडील तरुणपणी नोकरीसाठी भोपाळला गेले. १९५६ साली तेथे ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ हा सरकारी कारखाना उभारण्याचे ठरले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कारागीर तिकडे गेले. त्यांच्यामागून पुढे गेलेल्यांपैकी हे एक. पिपलानीच्या वसाहतीत त्यांचा संसार झाला. निवृत्तीनंतर त्यांनी एका गॅरेजमागे गंजत पडलेली १९६४ सालची शेवरोले इम्पाला, मागे दुमडणाऱ्या कापडी टपाची, भंगाराच्या भावाने घेतली आणि नऊ वर्षे स्वतःच्या हातांनी खपून तिला पुन्हा रस्त्यावर आणले. गतवर्षी ते वारले. आईच्या औषधपाण्याचा खर्च वाढला आहे, म्हणून मुलाने व मुलीने गाडी विकण्याचे ठरविले. मुंबईचे एक गिऱ्हाईक तयार आहे. लग्नाच्या वरातींसाठी भाड्याने देण्याकरिता त्याला ती हवी आहे.

मध्ये एक दलाल आहे आणि त्याने तीन सल्ले दिले आहेत. गाडीच्या तळाचा पत्रा गंजला असून त्यावर ठिगळे मारून पुट्टी भरलेली आहे. ते नीट करण्यापूर्वीच वडिलांनी डोळे मिटले. त्याविषयी गिऱ्हाइकाने विचारल्याखेरीज बोलू नये, हा पहिला सल्ला. गाडीतील इंजिन मूळचे नाही, दुसऱ्या मोडीत निघालेल्या गाडीचे आहे. गिऱ्हाइकाला ते मूळचे वाटत असेल तर वाटू द्यावे, हा दुसरा. आणि ‘सुपर स्पोर्ट’ नावाच्या अधिक किमती प्रकारावर जी ‘एसएस’ अक्षरे असत, ती बाजारातून आणून गाडीच्या अंगावर बसवावीत म्हणजे भाव चढेल, हा तिसरा.

पत्रलेखक विचारतात, “फादर, तोंडाने खोटे बोलण्याची माझी तयारी नाही. परंतु न बोलणे हेही पाप आहे काय? घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, हीच बाजाराची रीत नव्हे काय?”

उत्तराकडे वळण्यापूर्वी या गाड्यांचे कुळ थोडे समजून घेऊ. आपल्या देशाला अमेरिकन मोटारी नवख्या नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्यास डॉज व प्लिमथ या गाड्या जोडल्या. भोपाळपासून फार दूर नसलेल्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी तर १९३० नंतरच्या दशकात ड्यूसेनबर्ग ही अतिशय बलवान अमेरिकन गाडी घेऊन तिच्यावर लंडनच्या कारागिरांकडून उघडी, केशरी-काळी बांधणी चढवून घेतली होती. १९६४ साली अमेरिकेत पॉन्टिअॅक जीटीओ निघाली आणि मध्यम अंगाच्या गाडीत मोठे इंजिन बसविण्याची चढाओढ लागली. त्या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू. इम्पाला अंगाने त्याहून थोर, सुमारे साडेसतरा फूट लांब; परंतु १९६१ पासून निघालेल्या तिच्या सुपर स्पोर्ट प्रकाराने या चढाओढीची वाट आधीच दाखविली होती. म्हणूनच त्या दोन अक्षरांना आजही भाव आहे.

पुढे १९७३ च्या अखेरीस जगात खनिज तेलाचे भाव भडकले. एवढ्या मोठ्या इंजिनाला पेट्रोल पाजणे आपल्याकडे कोणाच्याच आवाक्यात राहिले नाही. तेव्हा अनेक मालकांनी मूळचे आठ सिलिंडरचे इंजिन काढून डिझेलचे इंजिन बसविले आणि मूळ इंजिने भंगारात गेली. पत्रलेखकाच्या गाडीचेही तेच झाले. वडिलांनी पुढे डिझेलचे इंजिन काढून त्याच जातीचे जुने पेट्रोल इंजिन शोधून आणले. यात लपविण्याजोगे काहीच नाही. उलट ही त्यांच्या चिकाटीची साक्ष आहे.

आता मुख्य प्रश्न. कायदा काय म्हणतो? आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्यात या मुद्द्यावर घोड्याचे उदाहरण दिले आहे. मालकाला ठाऊक आहे की घोडा निरोगी नाही. तो लिलावात विकतो आणि काहीच बोलत नाही. एवढ्याने ती फसवणूक ठरत नाही. परंतु घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, “आपण नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असे मी समजेन,” आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. म्हणजे दलाल म्हणतो तेवढा मोकळा कायदाही नाही.

परंतु कायदा ही सर्वांत खालची पायरी होय. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न विचारला होता: विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगितलाच पाहिजे काय? त्यांचे उत्तर मोठे समतोल आहे. जो दोष लपलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान पोहोचेल, तो सांगणे बंधनकारक आहे. न सांगितल्यास विकणारा नुकसान भरून देण्यास बांधला जातो. परंतु जो दोष उघड दिसतो, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा आहे, आणि त्याप्रमाणे किंमतही कमी धरली आहे, तो ओरडून सांगण्याची सक्ती नाही. विकणाऱ्यालाही आपले हित पाहण्याचा अधिकार आहे.

हा निकष लावला की दलालाचे सल्ले आपोआप वेगळे होतात. निकलचा मुलामा उडालेला बंपर, उन्हाने विटलेला रंग, बैठकीची फाटकी शिवण हे सर्व गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आहे. त्यावर व्याख्यान देण्याची गरज नाही.

तळाच्या गंजाची गोष्ट निराळी. बंद गाडीत छत व खांबही गाडीचे अंग तोलून धरतात. उघड्या टपाच्या गाडीला तो आधार नसतो. सारा भार चासी आणि तळ यांवर येतो. त्यातून १९६४ च्या इम्पालाची चासी फुलीच्या आकाराची आहे आणि तिला दोन्ही बाजूंस लांब दांडे नाहीत. म्हणून दारांखालचा पत्रा व तळ भक्कम असणे अधिकच अगत्याचे. पुट्टीला रंग दिला की ती पत्र्यासारखी दिसते, पण तिच्यात पत्र्याचे बळ येत नाही. उद्या त्या गाडीत नवरानवरी बसतील, करवली म्हणून लहान मुली बसतील. तेव्हा न विचारताही सांगितले पाहिजे. त्याचबरोबर ब्रेकविषयीही सांगावे. त्या काळच्या या गाड्यांत चारी चाकांच्या ब्रेकच्या तेलाला एकच वाट असे. एके ठिकाणी नळी फुटली की चारी ब्रेक जात. दोन स्वतंत्र वाटांची सोय अमेरिकेत १९६७-६८ च्या सुमारास सर्व गाड्यांना आली. हा वडिलांच्या कामातील दोष नव्हे, त्या काळची रचनाच तशी. पण आजच्या गाड्यांची सवय असलेल्या चालकाला ते ठाऊक नसणार.

इंजिनाचे काय? त्याने कोणाच्या जिवाला धोका नाही, पण किमतीला आहे. हौशी लोक मूळ इंजिनासाठी अधिक पैसे मोजतात. गिऱ्हाईक “मूळचेच आहे ना?” असे सहज जरी म्हणाले आणि आपण हसून गप्प राहिलो, तर कायद्यातील त्या घोड्याच्या मालकासारखी आपली गत होते. शिवाय इंजिनाचा क्रमांक आर.सी. पुस्तकात लिहिलेला असतो. बदललेल्या इंजिनाची नोंद आर.टी.ओ. कचेरीत झालेली नसेल तर मुंबईला गाडी तपासताना ते उघडकीस येणारच. ती नोंद आधी नीट करून घ्यावी.

तिसऱ्या सल्ल्याविषयी फार बोलण्याची आवश्यकता नाही. ती दोन अक्षरे बसविणे म्हणजे मौन नव्हे; ते पितळेत लिहिलेले असत्य होय. नावाने वाढलेल्या किमतीचा शेवट काय होतो याचे एक उदाहरण देतो. १९७६ साली कॅडिलॅक कंपनीने आपली एल्डोराडो ही अमेरिकेतील शेवटची उघड्या टपाची गाडी म्हणून गाजविली. अखेरच्या २०० गाड्या एकसारख्या पांढऱ्या काढल्या. लोकांनी त्या चढ्या भावाने घेऊन ठेवल्या. काही वर्षांतच, १९८४ च्या नमुन्यात, कंपनीने तीच उघडी गाडी पुन्हा बाजारात आणली. घेणारे संतापून न्यायालयात गेले. तेथे त्यांना यश आले नाही. कंपनी खटल्यातून सुटली, पण ‘शेवटची’ या शब्दावर विसंबून ज्यांनी पैसे घातले, त्यांची समजूत कोणी काढली नाही.

तर पत्रलेखकाने काय करावे? वडिलांनी कामाची टिपणे, पावत्या, छायाचित्रे ठेवली असतील तर ती शोधून काढावीत. काय मूळचे आहे, काय बदलले आणि काय करावयाचे राहिले, याची सरळ यादी करावी. गिऱ्हाइकाला आपला मेस्त्री आणून गाडी वर उचलून खालून पाहू द्यावी. यादीवर दोघांनी सह्या कराव्यात. नंतर योग्य किंमत निर्भयपणे मागावी. खरे बोलणाऱ्याने पडत्या भावाने विकावे असे कोठेही सांगितलेले नाही. कदाचित हे गिऱ्हाईक जाईल. परंतु जुन्या गाड्या जाणणारा दुसरा कोणी अशा यादीसाठीच दोन पैसे अधिक देईल, कारण बाजारात तीच वस्तू दुर्मिळ असते.

कागदपत्रांचेही तसेच. मालक वारला की गाडी आपोआप मुलांच्या नावावर होत नाही. मृत्यूनंतर तीस दिवसांत आर.टी.ओ. कचेरीस कळवावयाचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावे नोंद मागावयाची असते. ते राहून गेले असल्यास आधी ते करावे, आणि बहिणीची लेखी संमती घ्यावी. तिचाही गाडीत वाटा आहे. मग मुंबईसाठी फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला, आणि फॉर्म २९ व ३० ची पूर्तता. ‘पैसे मिळाले, चावी दिली, संपले,’ असे समजू नये. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली एक प्रकरण आले होते. २००७ साली विकलेली गाडी हातोहात पुढे गेली, २००९ साली तिच्याखाली सापडून एक मूल दगावले, आणि नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या पहिल्या मालकावर ठेवली.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितलीच पाहिजे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी सरकारने २०२१ साली स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. परंतु तशी गाडी प्रदर्शन, शर्यत-फेरी, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते, धंद्यासाठी नाही. वरातीला भाड्याने देण्याचा बेत करणाऱ्याला हे आधीच कळले पाहिजे. साध्या खाजगी नोंदणीवरही गाडी भाड्याने देता येत नाही.

वाचकहो, आपल्या वाडीत इम्पाला येणार नाही. परंतु पावसाळ्यापूर्वी पंप विकताना, मारका बैल दुसऱ्या गावच्या माणसाच्या दावणीला बांधताना, अपघात झालेली दुचाकी रंगवून शेजारच्या मुलाला देताना हाच प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. कायद्याने मुलीच्या बाबतीत बोलणे कर्तव्य मानले आहे. आपण घेणाऱ्याला परका न मानता त्याच्या जागी आपलीच मुलगी आहे असे समजावे आणि तिला जे सांगितले असते ते त्याला सांगावे. एवढे केले की व्यवहार झाल्यावर घेणारा रस्त्यात भेटला तरी वाट बदलावी लागत नाही.