भुताची गोष्ट हवी? कुणाला?

काय दोस्तांनो, लाइट गेले की पहिली फर्माईश कसली? भुताच्या गोष्टीची! म्हणून या वेळची यादी घाबरवणारी. पण वय बघून हं!

घरातल्या चिमुरड्यांना रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ दाखवा. त्यातली चेटकीण घाबरवता घाबरवता हसवते.

चौथी-पाचवीवाल्यांनी ‘वेताळ पंचविशी’ घ्यावी. स्मशान, खांद्यावर वेताळ आणि गोष्टीअखेर एक कोडं! विक्रमाच्या आधी उत्तर शोधा बरं का.

नववी-दहावीवाल्यांनो, तुम्हांला मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’. १८१६ साली मित्रमंडळींत भुताच्या गोष्टी लिहायची टूम निघाली आणि अवघ्या १८ वर्षांच्या मेरीनं हे लिहायला घेतलं. तिचा राक्षस जन्मतः दुष्ट नाही. सगळे झिडकारतात, म्हणून तो तसा होतो.

आणि आई-बाबांसाठी? नारायण धारप!

फक्त एक अट. धाकटं भावंड ‘पुरे’ म्हणालं की गोष्ट तिथंच थांबवायची. ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवलंत, तर पुढच्या खेपेला ते घाबरेल, पण तुम्हांला सांगणार नाही. अंधारात एकटंच जागं राहील. ते भुतापेक्षा वाईट, नाही का?